थोरल्याची गोळी

या, जरा पुढे सरकून बसा. गोष्ट दोन भावांची आहे, आणि मोठ्याने सांगण्यासारखी नाही.

थोरल्याने प्लास्टरातल्या हाताने पाण्याने भरलेला तांब्या उचलून दाखवला. वर हसलाही.

"बघ. दुखत असतं तर उचलला असता का?"

धाकटा खाटेवर पाय उशीवर ठेवून पडला होता. "तुझ्या वाट्याला गोळी आली दादा, माझ्या वाट्याला खडू."

दोघे रंगारी. उंच भिंतीला हात मारताना परांचीची एक बाजू सुटली आणि दोघे एकदमच खाली आले. थोरल्याचा हात मोडला, धाकट्याचा पाय. इस्पितळात तातडीने हाडं बसवली, प्लास्टर घातलं, दुखण्यावर गोळ्या देऊन घरी पाठवलं. तिथल्या डॉक्टरांना दोन प्रकारच्या कडक गोळ्या ताडून पाहायच्या होत्या, कोणत्या गोळीने जास्त गुण येतो ते. भावांनी हो म्हटलं. चिठ्ठी निघाली तशी एकाला एक मिळाली, दुसऱ्याला दुसरी. सिस्टरनी निघताना बजावलं होतं, "ज्याची त्यानेच घ्यायची. एकावर दुसरी तर मुळीच नाही." मग रोज त्यांचा फोन यायचा. शून्य ते दहा, किती दुखतंय?

थोरला सांगायचा, शून्य.

खरं म्हणजे कालपासून त्याने गोळी घेतलीच नव्हती, उशीखाली साठवली होती. हात असा ठणकायचा की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. पण शेजारी धाकटा कण्हत होता, आणि परांचीची सुटलेली गाठ थोरल्याने मारलेली होती. त्याबद्दल धाकट्याने कधी चकार शब्द काढला नाही. तो न काढलेला शब्दच थोरल्याला त्या कण्हण्यात ऐकू यायचा.

"माझ्या घे. मला गरजच नाही."

"आणि सिस्टर म्हणाल्या ते?"

"त्यांना आकडे हवेत. मला तू उठायला हवास. भिंत काय एकटाच रंगवू?"

धाकट्याने आपली गोळी घेतलेली होतीच. त्यावर थोरल्याच्याही घेतल्या.

दुपारची जेवणं आटोपेपर्यंत तो घोरायला लागला. असा घोरला की आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बापावर गेलाय मेला. भिंतीचा रंग पाडेल एखाद्या दिवशी." पडल्यापासून त्या घरात कुणी पहिल्यांदाच मनापासून हसलं. थोरल्याने मनातल्या मनात देवाला नमस्कार केला. हात ठणकत होता, आणि आज ते ठणकणंही त्याला गोड लागत होतं.

थोड्या वेळाने घोरणंही थांबलं. थोरला भिंतीला टेकून गुपचूप बसून राहिला, भावाची झोप मोडू नये म्हणून.

मग फोन वाजला.

"तुमचं किती?"

"शून्य."

"आणि भावाचं?"

"त्याला आज फार उतार आहे, सिस्टर," थोरला दबक्या आवाजात म्हणाला. "माझ्या गोळ्यांनी गुण आला. मघापर्यंत नुसता घोरत होता. आता तेही नाही. अगदी शांत पडलाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"त्याला हलवा," सिस्टर म्हणाल्या. "फोन ठेवू नका. आधी त्याला हलवा."

फोन जमिनीवर पडला. थोरल्याने दोन्ही हातांनी भावाचे खांदे धरले आणि हलवत राहिला, प्लास्टरला तडा जाऊन बसवलेलं हाड सरकलं तरी. आई धावत आली, शेजारी आले, गाडी आली, तरी तो हलवतच होता. धाकटा काही उठला नाही. त्या वेळी कुणी विचारलं असतं, हात किती दुखतोय, तर त्याने शून्यच सांगितलं असतं. आणि ते खरं असतं.

संध्याकाळी देवापुढे हात जोडाल तेव्हा त्या थोरल्याची आठवण ठेवा, बाबांनो. त्याचे जुळत नाहीत.