इरावतीची वाडी

अर्णवचा प्रोजेक्ट पाहिला आणि अनुजाला हसू आवरेना.

दादरच्या शाळेत तिसरीच्या वर्गात प्रदर्शन मांडलं होतं. विषय ‘आमचा परिसर’, आणि फळ्यावर रंगीत खडूने लिहिलेलं : मुलांनी स्वतःच्या हातांनी केलेले नमुने. अर्णवने करी रोड स्टेशन आणलं होतं. अर्णवने कसलं डोंबलाचं! त्याच्या आईने, दर्शनाने, लालबागच्या मखरवाल्याला ऑर्डर दिली होती. त्या माणसाने जन्मभर गणपतीची मखरंच केलेली. तो स्टेशन तरी वेगळं काय करणार? मधोमध उंच पाट, मागे सोनेरी महिरप, दोन्ही बाजूंना खांब आणि वर ‘करी रोड’ अशी पाटी. गणपती तेवढा आणून बसवायचा बाकी होता.

“मस्तच झालंय गं,” अनुजा दर्शनाला म्हणाली. “अर्णवने एकट्याने केलं?”

“एकट्याने! मी नुसती बाजूला बसले होते.” दर्शनाची पापणीसुद्धा लवली नाही.

पलीकडे ट्रेव्हरचं माहीमचं घर होतं. ट्रेव्हरचा बाप लॅन्स आर्किटेक्ट. ऑफिसातल्या पोरांकडून करून घेतलेलं मॉडेल, त्यात खिडक्यांना खऱ्या काचा, आणि हा खिशात हात घालून सगळ्यांना सांगतोय, “टोटली त्याचीच आयडिया हां!” आयत्या पिठावर रेघोट्या मारायच्या आणि वर मुलाचं कौतुक करून घ्यायचं. लाज कशी वाटत नाही मेल्यांना, अनुजाच्या मनात आलं.

तिचं तसं नव्हतं. गिरगावातली आपली वाडी तिने स्वतः पुठ्ठ्यातून कापली होती. गॅलऱ्यांचे कठडे काड्यापेटीतल्या काड्यांचे, दोरीवर बोटभर कपडे वाळत घातलेले, दारोदारी तुळस, आणि बटण दाबलं की घराघरात दिवा. ब्लेडने बोटं कापून घेतली होती. नवऱ्याला आठवडाभर पोळीभाजी केंद्रातलं गिळायला लावलं होतं. ह्याला म्हणतात हाताने केलेलं! शाळेतून एकच नमुना वॉर्डाच्या प्रदर्शनात जाणार होता, आणि तो आपल्या इरावतीचाच, हे तिने माहेरच्या ग्रुपवर कळवूनही टाकलं होतं. आता नंबर हुकला असता तर बहिणींनी वर्षभर दात काढले असते.

वर्गशिक्षिका नॉर्मा मिस एकेक टेबल बघत अर्णवपाशी आल्या.

“हा मधला पाट कशाला रे?”

“माहीत नाही मिस,” अर्णव म्हणाला. “काकांनी तसंच दिलं.”

दर्शनाचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अनुजाला गुदगुल्या झाल्या. बरं झालं, अशीच जिरायला हवी होती!

मग मिस वाडीपाशी आल्या. अनुजा ऐटीत पुढे झाली आणि तिने बटण दाबलं. एकही दिवा लागला नाही. तिने पुन्हा दाबलं, मग अंगठ्याने रेटून दाबलं. वाडीत अंधार तो अंधारच.

“टॅक्सीत धक्का लागला मेला! थांबा हं मिस, वायर सुटली असेल.” तिने छप्पर उचलायला हात घातला.

“तुम्ही नाही,” नॉर्मा मिस म्हणाल्या. “इरावती करेल. वर्गात मी सगळ्यांना सेल, वायर आणि बल्ब दिला होता. सगळ्यांत आधी हिचा लागला. बाकीच्यांना मग हिनेच शिकवलं. घरी बोलली नाही?”

घरी बोलली असेलही. अनुजा त्या दिवसांत कठडे चिकटवत होती.

“मग प्रश्नच मिटला!” दर्शनाला नीट ऐकू जाईल अशा बेताने ती म्हणाली. “कर गं सोन्या, दाखव सगळ्यांना.”

इरावती वाकली. छपराच्या फटीतून तिने एक डोळा मिटून आत पाहिलं आणि लगेच म्हणाली, “मिस, लाल वायर सेलवरून निघालीय. नुसती चिकटवायची आहे.”

“शाब्बास! मग चिकटव की.”

इरावती सरळ उभी राहिली. तिने पाठीमागे एका हाताने दुसरा हात घट्ट धरला. दर्शना, लॅन्स, अर्णव, ट्रेव्हर, सगळेच आता जवळ येऊन बघत होते.

“अगं, उभी काय राहिलीस? चिकटव ना!” अनुजा दातओठ खात कुजबुजली.

इरावतीने एकदा वाडीकडे पाहिलं, मग आईकडे.

“आई, मी हात लावू? मारणार नाहीस ना?”