रोजचं चारशे वीस

या, बसा असे जवळ. एका पेंटरची गोष्ट सांगतो. चित्रं काढणारा नव्हे हो, भिंती रंगवणारा. लांबण लावत नाही, पण शेवटी तुमच्याकडे एक मागणं आहे, तेव्हा मधेच उठू नका.

तर पेंटर काचेच्या टाकीसमोर स्टूल टाकून बसला होता. एका हातात टाकीतल्या पाण्याची इवलीशी कुपी, दुसऱ्या हातात कॅल्शियम मोजायच्या थेंबांची बाटली. मागे खुर्चीत बायको. साखरेच्या आजारानं तिचे डोळे केव्हाच गेलेले, पण कान असे, की शेजारच्या घरात सुई पडली तर ही इथून म्हणणार, "उचला."

"एकोणीस," पेंटर थेंब टाकत म्हणाला. "वीस."

"रंग?"

"गुलाबीच आहे. थांब... एकवीस. झालं बघ निळं! गुणिले वीस, चारशे वीस."

"आजपण चारशे वीस?"

"आजपण."

"आकडा बरा निवडलाय हो. पोलिसांनी ऐकलं तर घेऊन जातील तुम्हाला."

दोघं हसली. पेंटर जरा जास्तच हसला.

टाकी त्यांच्या लेकीची. खारं पाणी, त्यात तिनं एकेक करून लावलेलं प्रवाळ. जांभळं, केशरी, हिरवं. तिनंच बापाला शिकवलं होतं. "बाबा, हे दगड नाहीत, जीव आहेत. पाण्यातलं कॅल्शियम खातात आणि आपली हाडं बांधतात. खाल्लं की पाण्यातलं कमी होतं. मोजायचं, आणि कमी पडलं तेवढं बाटलीतून भरायचं." आई दाराशी उभी राहून ऐकत होती.

मग साध्या तापाचं निमित्त झालं आणि लेक गेली.

बायको भिंतीकडे तोंड करून पडली. पेंटरनं दाढी सोडली, अंघोळ सोडली, कामं सोडली. ब्रश डब्यात वाळून लाकूड झाले. घरात आवाज म्हणून एकच, टाकीच्या पंपाचा. एका सकाळी बायको भिंत चाचपत उठली आणि म्हणाली, "अहो, पोरीच्या टाकीला जेवण कोण घालणार?"

त्या दिवसापासून रोज मोजणं सुरू झालं. टाकीनं आमच्या हिला उठवलं, असं पेंटर ज्याला त्याला सांगायचा.

आणि गेल्या उन्हाळ्यात टाकीचा हीटर चालूच अडकला. पाणी तापत राहिलं, कुणाला पत्ता नाही. पेंटरनं पाहिलं तेव्हा सगळं प्रवाळ मरून पांढरंफटक पडलेलं. जन्मभर त्यानं घरांना पांढरा रंग दिला, पण असला पांढरा त्यानं कधी पाहिला नव्हता.

"कसे आहेत हो सगळे?" बायकोनं स्वयंपाकघरातून विचारलं.

पेंटरनं हीटरची पिन उपटली. हिला कळलं तर ही पुन्हा भिंतीकडे तोंड करणार, आणि या वेळी उठायची नाही. "मजेत आहेत," तो म्हणाला.

खोटं एकच बोलायचं, रंगाचं, असं त्यानं ठरवलं. बाकी सगळं खरं. थेंब खरे, बाटली खरी. रोजचं ठरलेलं माप भरायची ती बायकोच, कपात बोट बुडवून.

सुरुवातीला त्रास झाला. न खाल्लेल्या कॅल्शियमचा पंपावर चुन्यासारखा थर धरायला लागला, बाटलीच्या तोंडाशीही पांढरी खपली. "पंपाचा घसा बसलाय वाटतं," बायको म्हणायची, आणि पेंटर व्हिनेगर घेऊन घासत बसायचा. मग एकदा शेजारीण तिला दवाखान्यात घेऊन गेली. दोघींना परतायला बराच उशीर झाला. तिकडं गर्दी होती म्हणाल्या. पुढं पंपाचं दुखणंही आपोआप थांबलं. आपल्या घासण्याला यश आलं, असं पेंटरला वाटलं.

तर त्या दिवशी कॅल्शियमची बाटली संपली. ती शोभेचे मासे विकणाऱ्या मासेवाल्याच्या दुकानातून भरून आणायची.

"जाऊन या," बायको म्हणाली. "आणि दाढी करून जा. मासेवाल्याचे मासे घाबरतील."

पेंटरनं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि निघाला. वाटेत दोन जणांनी हाक मारली, त्यांच्याशी बोलला. एकानं खोली रंगवायची आहे म्हणून सांगितलं.

"या पेंटर!" मासेवाला म्हणाला. "किती आलं आज?"

"चारशे वीस. वर्ष झालं, आकडा जागचा हलला नाही."

मासेवाल्याचं हसू जरा विरलं. "द्या ती बाटली, आतून भरून आणतो."

"आणि तुमचा माल सुधारला बरं का. पूर्वी तोंडाशी खपली धरायची, आता एकदम स्वच्छ."

मासेवाला काउंटरखाली वाकून बराच वेळ काहीतरी शोधत बसला.

पेंटर हळूच म्हणाला, "तुम्हाला म्हणून सांगतो, टाकीत काही उरलं नाही. पण घरी बोलू नका. ती त्याच्यावरच जगतेय."

"नाही बोलणार," मासेवाला म्हणाला. "शप्पथ आहे तशी."

घरी आल्यावर बायकोनं कपात बोट बुडवून माप भरलं आणि टाकीत ओतलं. बोट पुसत तिनं विचारलं, "खातायत ना हो?"

"पोटभर," पेंटर म्हणाला आणि पांढऱ्या टाकीकडे पाठ करून उभा राहिला.

तर आता माझं मागणं. कधी त्या घरी गेलात, तर पेंटर ती बाटली कौतुकानं तुमच्या हातात देईल. झाकण उघडून जिभेला लावू नका. साधं नळाचं पाणी आहे ते. "खाणारा जिवंत असता तर आकडा हलला असता. पण ह्यांना दाढी करून घराबाहेर पडायला काहीतरी हवं. पाणीच भरून देत जा," असं त्या दवाखान्याच्या दिवशी शेजारणीचा हात धरून दुकानात येऊन बायकोच मासेवाल्याला सांगून गेलीय. तेवढं पेंटरला कळू देऊ नका.