परडी कुठल्या शिवेला

चौथ्या दिवशीही ठमाबाईच्या अंगात वारं आलं नाही.

चिखलोलीच्या गावदेवीपुढं सकाळपासून ढोल चालला होता. वाजवणारा कान्हा मध्येच थांबून खोकायचा आणि पुन्हा टिपरी उचलायचा. एरवी एवढ्यात ठमाबाईच्या पोटऱ्यांतून शिरशिरी वर चढायची, केस सुटायचे, आणि आपण काय बोललो ते तिला नंतर लोकांकडून कळायचं. आज ती नुसती घामानं भिजली होती. जीव सारखा घराकडं ओढत होता. घरात सून तुळशी तीन दिवस तापानं फणफणत होती, आणि तिच्या अंगावर पिणारं पोर होतं.

सत्तावन्न सालच्या त्या ज्येष्ठात घरटी एक तरी माणूस अंथरुणाला होतं. अंबरनाथच्या कारखान्यात जाणारी पोरं त्याला फ्लू म्हणत. दोन म्हातारी माणसं गेली होती. परवा एक बाळंतीण गेली.

देवीपुढं परडी भरून ठेवली होती. तांदूळ, नारळ, हिरव्या बांगड्या, हळदकुंकू. साथीची अशी ओटी भरायची, परडी दुसऱ्या गावाच्या शिवेत नेऊन ठेवायची आणि मागं न बघता परतायचं. परडीबरोबर साथही तिकडं जाते, असं गाव मानायचं. कुठल्या शिवेत, ते देवी सांगायची. ठमाबाईच्या तोंडून.

गावातले वडीलधारे बुधाजी हात जोडून पुढं आले.

"आये, बोल आता. मानसं थकली. कॅम्पाच्या रस्त्याला नेऊन ठेवू का? तिथं समदे निर्वासित. आपलं कोन हाय तिथं?"

पटकीच्या साली देवीनं ठमाबाईच्या तोंडून पूर्वेची शीव सांगितली होती. महिन्याभरात पटकी त्या गावात शिरली आणि तिथं दिलेली तिची धाकटी बहीण धोंडी दोन दिवसांत संपली. देवीनं असं का सांगितलं, हे ठमाबाईनं कधी कोणाला विचारलं नाही. देवीलाही नाही.

आणि कॅम्प? मागच्याच आठवड्यात ती माठाच्या जुड्या विकायला गेली होती. एकेका बराकीतून हाच खोकला येत होता.

ढोल थांबला. शंभरेक माणसं एकमेकांना खेटून तिच्या तोंडाकडं बघत बसली होती. बायकांच्या मांडीवर पोरं होती. कोणी पदरात खोकत होतं, कोणी उघड्या तोंडानं. ठमाबाईला त्या खोकण्याशिवाय दुसरं काही ऐकू येईना.

तिनं आपल्या हातानं केस सोडले. तीस वर्षांत पहिल्यांदाच.

मान गरागरा फिरवत ती घुमू लागली. आवाज जाड केला.

"परडी कुठं जायची नाय! शिवा तुमी घातल्या. मना शीव नाय. परडी ह्या बाईच्या घरात ठेवा."

गर्दीतून हुंकार फुटला. बुधाजी चाचरत म्हणाले, "आन आमी काय करायचं, आये? बकरा देऊ?"

"बकरा नको. ढोल नको. देवलात कोनी यायचं नाय. ज्यानं त्यानं आपल्या घरात ऱ्हावं, दुखन्याला पेज पाजावी. मना भूक लागंल तवा मीच दारात येईन."

बुधाजी तिच्या तोंडाकडं जरा जास्तच वेळ बघत राहिले. मग जमिनीवर पालथे पडले. त्यांच्यामागं सगळं गाव.

दुपारी मुलगा हरिचंद्र काड्यापेटीच्या कारखान्यातून पाळी संपवून आला, तेव्हा परडी ओटीवर होती आणि ठमाबाई चुलीपासून अंगणापर्यंत येरझाऱ्या घालत होती. हरिचंद्रानं दोन वर्षांत देवळाची पायरी चढली नव्हती. आईच्या अंगात यायचं त्याची तो मित्रांत नक्कल करायचा, हेही तिच्या कानावर आलेलं होतं.

"ही घरात कशाला आनली?"

"देवीनं सांगितलं."

"देवीनं?" तो हसला.

ठमाबाई थांबली. "नाय. वारं आलंच नाय. मीच बोलली."

हरिचंद्राचं हसू मावळलं. तो परडीपासून दोन पावलं मागं सरला.

"मंग बाहेर टाक ती. आत्ताच्या आत्ता. आत पोर हाय, आये."

"तू तर मानत नाय ना?"

"नाय मानत. पन टाक."

ठमाबाई चुलीकडं वळली. देवी असेल, तर तिच्या नावानं खोटं बोलल्याला माफी नव्हती. आणि नसेल, तर मग तीस वर्षं तिच्या तोंडून कोण बोललं? धोंडीच्या गावाची शीव कोणी दाखवली? ती पुन्हा अंगणापर्यंत गेली. पुन्हा परत आली. बाहेर बुधाजी देवीची आज्ञा ओरडत घरांवरून चालले होते, आणि त्यांच्या मागं एकेक दार लागत होतं.

आतून तुळशीनं क्षीण आवाजात हाक मारली. पोर कोरडं रडत होतं. तुळशीच्या पोटात कालपासून काही नव्हतं, आणि चार दिवस भात कांडायला कोणाला सवड मिळाली नव्हती. मडकं रिकामं होतं.

ठमाबाईनं परडी उचलली आणि चुलीपाशी आणली. बांगड्या बाजूला काढल्या, नारळ बाजूला ठेवला, आणि तांदूळ पातेल्यात ओतले.

"आये," हरिचंद्र दारातूनच ओरडला, "ते साथीचे तांदूळ हायत!"

"धुवून घेते," ठमाबाई म्हणाली.