तीन पट्ट्या वर

लिसांद्रोच्या नाकावर पावडरचा हात फिरवता फिरवता मेकअपवाली इव्हेलिस म्हणाली की आज शेवटचा भाग, आज तरी जरा हसा. पियानोवाल्याच्या तोंडाला एवढी पावडर कशाला, हे विचारायचं लिसांद्रोने केव्हाच सोडून दिलं होतं. आज तर त्याच्या डोक्यात दुसरंच काही होतं. आज तो एवारिस्तोला त्याचं गाणं परत देणार होता.

'टोनिताची खानावळ' ही मालिका सान हुआनहून दर गुरुवारी, समोर प्रेक्षक बसवून, थेट दाखवत. एवारिस्तो किन्योनेस तिच्यातला भाडेकरू, खानावळवालीवर जीव टाकणारा. भाग संपता संपता तो तिच्या खिडकीखाली उभा राहून बोलेरो, म्हणजे संथ लयीचं प्रेमगीत, म्हणायचा, आणि नेमका सगळ्यात वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकायचा. बाई धाडकन खिडकी लावून घ्यायची. बस, एवढंच. पण एवढ्यावर मालिका वीस-बावीस वर्षं चालली, आणि गुरुवारी संध्याकाळी पोन्सेपासून मायाग्वेसपर्यंत बेटावरच्या गावोगावचे रस्ते ओस पडायचे.

आवाज का चिरकतो, हे लिसांद्रोला चांगलं ठाऊक होतं. पहिल्याच वर्षी निर्माते सेन्योर अर्सेनियो यांनी त्याला जिन्याखाली गाठलं होतं. तालमीत ठरल्या पट्टीत वाजव, पण प्रेक्षकांसमोर तीन पट्ट्या वर लाव, असं त्यांनी बजावलं, आणि एवारिस्तोला याचा वासही लागता कामा नये, असंही. लिसांद्रोची नोकरी नवी होती. त्याने मान डोलावली, आणि तेव्हापासून त्याच्या मनाची टोचणी काही गेली नाही.

कारण एवारिस्तो खरा कसा गातो, हे तो तालमीत ऐकत होता. दिवे टांगणारे कामगार शिडीवरच थबकायचे, असा गळा. हा माणूस मोठमोठ्या नाट्यगृहांत गाजला असता, आणि आपण त्याचं पार हसं करून ठेवलं, असं लिसांद्रोला वाटायचं. एवारिस्तोने मात्र कधी चकार शब्द काढला नाही. उलट दिव्यांच्या धगीने आपलाच घसा बसतो म्हणायचा, आणि लिसांद्रोला बाहेर नेऊन कॉफी पाजायचा. तो चांगुलपणा तर जास्तच झोंबायचा.

लिसांद्रोने म्हणूनच मालिका कधी पाहिली नाही. रविवारी तोच भाग पुन्हा लागला की त्याची बहीण प्रोवी हसून हसून लोळायची, आणि हा बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहायचा. एकदा बघ तरी, असं ती म्हणायची. पुढे पुढे मालिकेचा विषय निघाला की तो ताटावरून उठू लागला, तेव्हा तिनेही नाद सोडला. बाहेर पडावं तर तिथेही सुख नाही. सान्तुर्सेच्या बाजारातली केळीवाली त्याला पाहिलं की भुवया उंचावून रडवेलं तोंड करायची. हिलाही आपलं पाप कळलंय की काय, या धास्तीने तो केळी न घेताच पुढे सटकायचा.

त्या संध्याकाळी प्रेक्षक दाटीवाटीने बसले होते. एक कॅमेरा नेहमीसारखा पियानोला अगदी खेटून उभा होता, लिसांद्रोच्या कोपराला लागेल असा. त्याने कितीदा तक्रार केली होती, आणि दर वेळी दुसरीकडे जागा नाही, एवढंच उत्तर मिळालं होतं.

एवारिस्तो खिडकीखाली आला. लिसांद्रोने छातीवर क्रुसाची खूण केली आणि तालमीतलीच पट्टी धरली.

एवारिस्तोने चमकून एकदा पियानोकडे पाहिलं आणि गायला सुरुवात केली. आणि काय गायला तो. पहिल्या रांगेतल्या बाईंचा हातपंखा हलायचा थांबला. लिसांद्रोला इतकं हलकं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. तो वाजवता वाजवता चक्क हसत होता. वरचा सूर जवळ आला, तशी त्याने मान वर करून एवारिस्तोकडे पाहिलं. त्या सुराला तो दर वेळी असाच पाहायचा.

आणि आवाज चिरकला.

तसाच, त्याच जागी. लिसांद्रोची बोटं जागच्या जागी थिजली, तोंड उघडं ते उघडंच राहिलं. प्रेक्षकांत हशाचा असा कल्लोळ झाला की खिडकी लावायला आलेली टोनिताही खिडकीआड बसकण मारून पोट धरू लागली. इतका हशा आजवर कधी झाला नव्हता.

कार्यक्रम संपल्यावर लिसांद्रो कपडे बदलायच्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. आत पाऊल टाकायचा त्याला धीर होईना. आपण फार उशीर केला, वर्षानुवर्षं ताणून ताणून याच्या गळ्याचं कायमचं वाटोळं केलं, हेच त्याच्या मनात घोळत होतं. एवारिस्तो आत पाय पसरून निवांत बसला होता.

"आज खाली लावलीस रे," एवारिस्तो म्हणाला. "त्या पट्टीत आवाज फाडायचा म्हणजे काय कष्ट आहेत, माहितीये का? शेवटच्या दिवशी म्हाताऱ्याचा जीव घेतोस की काय?"

लिसांद्रो आत आला. "तू मुद्दाम फाडलास?"

"दर गुरुवारी. तीन काय, पाच पट्ट्या वर लाव, मी सुरात गाऊन दाखवतो."

"मग वरती लावायला अर्सेनियोंनी मला कशाला सांगितलं?"

"मीच सांगायला लावलं होतं त्यांना."

"अरे, पण तुला चिरकायचंच होतं तर त्यात माझी काय गरज होती?" लिसांद्रोने विचारलं. "इतकी वर्षं मला धड झोप नाही, एवारिस्तो. दर गुरुवारी वाटायचं, मी माझ्या हाताने तुझा गळा कापतोय."

"ते दिसायचं ना." एवारिस्तो उठला आणि त्याने मायेने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "माझा आवाज फाटला की कॅमेरा माझ्यावर कधी नसायचाच, बाबा. तो तुझ्या तोंडावर असायचा."