बोट लागू नये म्हणून

“बसा खाली, क्रानर्टबाई. तुमची पाळी येईल,” अध्यक्ष म्हणाले.

“एवढी वर्षं बसूनच होते,” इल्झे म्हणाली आणि उभीच राहिली.

चर्चच्या सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. बर्लिनची भिंत पडल्यानंतरचा तो पहिला वसंत. हवेला अजून कोळशाच्या धुराचा वास होता, आणि गाव पहिल्यांदाच आपल्या मनाने महापौर निवडणार होतं. मंचावर उमेदवार म्हणून डॉक्टर थीलके बसले होते. निम्म्या गावाची नाळ त्यांनीच कापलेली. सत्ताधारी पक्षात शिरले नाहीत म्हणून इस्पितळाचे प्रमुख कधी झाले नाहीत, आणि आता त्याच कारणासाठी लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

इल्झेला ते बघवत नव्हतं.

“डॉक्टर, माझ्या येन्ससाठी तुमच्याकडे गोळ्या मागितल्या होत्या. बोट लागू नये म्हणून. आठवतं?”

“आठवतं.”

“इथून समुद्र कुठे! गोळ्या कशाला म्हणून तुम्ही विचारलंत, आणि मी खुळी सांगून बसले. पोरगा रबरी होडीतून डेन्मार्कला पळणार म्हणून. घराबाहेर हे एकट्या तुम्हाला ठाऊक होतं. आणि किनाऱ्यावर पोलीस आधीच दबा धरून बसलेले!”

येन्स तुरुंगातून परतला तो शवपेटीतून. ते गावाला सांगावं लागलं नाही.

माना मागे वळल्या. मागच्या भिंतीला टेकून प्रोल उभा होता. परवापर्यंत इथल्या गुप्त पोलिसांचा साहेब. आता त्याच्या शेजारी कुणी उभं राहायला तयार नव्हतं.

“त्याला कुणी सांगितलं, डॉक्टर?”

“मी नाही.”

“मग कुणी?”

डॉक्टरांची नजर तिच्यावरून शेजारी बसलेल्या तिच्या नवऱ्याकडे गेली. एवाल्ट मान खाली घालून बसला होता. पोरगा गेल्यापासून त्याला झोप नव्हती. औषधासाठी तोही डॉक्टरांकडेच जायचा.

“दवाखान्यात कुणी काय सांगितलं ते माझ्या तोंडून निघणार नाही, क्रानर्टबाई. कुणाचंच.”

“वा! आता तोंडाला कुलूप! तेव्हा काय किल्ली हरवली होती?”

“डॉक्टरचं प्रोलशी अरे-तुरे असणार!” कुणीतरी ओरडलं, आणि सभागृह खदाखदा हसलं. गावात शेजाऱ्याला जन्मभर अहो-जाहो करायची रीत. प्रोल अरे-तुरे करायचा ते फक्त आपल्या खबऱ्यांना.

“चल इल्झे, पुरे झालं,” एवाल्टने तिची बाही ओढली.

“तुला पोराचं काही आहे की नाही?” तिने हात झिडकारला.

डॉक्टर उठले. “मी नाव मागे घेतो,” एवढंच म्हणाले आणि कोट हातात घेऊन गर्दीतून निघाले. ज्यांच्या बाळंतपणाला ते बर्फातून चालत गेले होते, त्यांच्यापैकीच कुणीतरी त्यांच्या पायाशी थुंकलं.

इल्झेची छाती कितीतरी वर्षांनी हलकी झाली. येन्सला न्याय मिळाला होता. एवाल्टचा दंड धरून ती लोकांबरोबर दाराकडे सरकू लागली.

दाराशी प्रोलने वाट अडवली. तिच्याकडे त्याचं लक्षही नव्हतं.

“एवाल्ट,” तो म्हणाला, “टोपी विसरलास तू.”