कागदापुरती जागा

त्सोन्काने चिकटपट्टीचा तुकडा दातांनी तोडला आणि कागदाचा वरचा कोपरा शॉपिंग सेंटरच्या काचेच्या दाराला लावला. दार आपोआप सरकलं, कागद घेऊन बाजूला गेलं आणि परत आलं. तेवढ्यात दारावरचा पहारेकरी स्पास कॉफीचा कप सांभाळत पुढे आला.

"काकू, काचेवर नाही लावायचं."

"मग कुठे लावू?"

स्पासने कागद ओळखला. काळी चौकट, मध्ये फोटो, खाली नाव, तारखा आणि थडग्यावर जमायची वेळ. त्राकिया वसाहतीत माणूस गेला की असे कागद इमारतींच्या दारांवर, बसथांब्यांवर, झाडांवर लागतात. चाळिसाव्या दिवशी पुन्हा लागतात. फोटोतला माणूसही त्याने ओळखला. बुटांना टाचा लावणारा वेल्को. तो गेल्याचं स्पासला हा कागद पाहूनच कळलं.

त्सोन्काचं दुखणं तेच होतं. नवरा गेला तेव्हा तिने कागद इमारतीच्या दारावर आणि चर्चच्या फळ्यावर लावले होते. बाजारातलं कुणी आलं नाही. सेंटरला ती अजून बाजारच म्हणायची. बत्तीस वर्षं माणूस इथे बसला आणि शवपेटीमागे चालायला शेजारचे चार जण अन् एक मेहुणा. तिला लाज वाटली होती, आणि लाजेपेक्षा राग जास्त आला होता. येत्या शनिवारी चाळिसावा होता. रिवाजाप्रमाणे वाटायला गहू शिजवून ती थडग्यावर जाणार होती, आणि या वेळी बाजारातलं निदान एक तरी माणूस यायलाच हवं होतं.

तो जिथे बसायचा तिथे लावते, ती म्हणाली. स्पासचे पाय सकाळपासून भरून आले होते, तरी तो बरोबर निघाला.

पहिली जागा फाटकाजवळची. तेव्हा इथे नुसतं चिखलाचं मैदान होतं, लोक गाडीच्या टपावर चादर टाकून मोजे आणि मिरच्या विकायचे, आणि वेल्को स्टूल टाकून बसायचा. त्या ठिकाणी आता अत्तरांचं दुकान होतं. तिथल्या मुलीने कागद पाहून जीभ टाळ्याला लावून च्यक केलं आणि मान वर झटकली. नाही म्हणजे नाही.

मैदानावर मग पत्र्याचे गाळे उभे राहिले, आणि वेल्कोला रांगेतला शेवटचा गाळा मिळाला. गाळे पाडून दोन मजली इमारत झाली, तेव्हा तो जिन्याखाली गेला. इमारतीला काचा लागल्या, वर सिनेमा आला, आणि वेल्को शौचालयाच्या वाटेवर गेला. शेवटी तळघरात, गाड्या लावतात तिथे. सेंटर वाढत गेलं आणि वेल्को सरकत गेला. दर वेळी त्याला आधीपेक्षा चांगली जागा देतो असंच सांगितलं गेलं. दर वेळी तो दिव्याची वायर गुंडाळायचा, बूट ठोकायचा लोखंडी पाय काखेत मारायचा आणि निघायचा. भांडायला त्याला कधी जमलं नाही.

जुन्या जिन्याच्या जागी सरकता जिना होता आणि बाजूची भिंत एका बँकेने घेतली होती. शौचालयाच्या वाटेवर साबणांच्या जाहिराती होत्या. खांबसुद्धा कुणाकुणाचे होते, स्पास दमल्या आवाजात एकेकाचं नाव सांगत होता. तळघरात मात्र भिंत मोकळी होती. वेल्कोच्या शेवटच्या जागेवर सामानाच्या ढकलगाड्या साखळीने बांधून ठेवल्या होत्या.

"इथे लावा, काकू. इथे कुणी काही बोलणार नाही."

"इथे वाचणार कोण? या गाड्या?"

ती तिथेच पायरीवर बसली. तिचे गुडघे दुखत होते आणि आता तिला रडूही येत होतं. तिने विचारलं, "शनिवारी तू तरी येशील?"

"शनिवारी माझी ड्युटी आहे, काकू."

हे बोलून स्पासलाच ओशाळल्यासारखं झालं. एक जागा आहे, तो म्हणाला, सोमवारपर्यंत तरी ती कुणाची नाही.

ते पुन्हा वर आले. सिनेमाच्या खाली सेंटरचा नवा भाग बांधत होते. बांधकाम दिसू नये म्हणून पुढे फळ्यांची उंच भिंत उभी केली होती. भिंतीवर एकच शब्द होता, एकेक अक्षर छातीएवढं: लवकरच. त्सोन्काने तो वाचला आणि स्पासकडे बघितलं. स्पासने खांदे उडवले. यापेक्षा चांगली जागा त्याच्याकडे नव्हती, आणि तिच्यात आता आणखी फिरायचं त्राण नव्हतं. त्याने कप खाली ठेवला आणि कागदाची कड धरली. तिने चारही कोपऱ्यांना दुहेरी पट्टी मारली.

दोन्ही हातांत पिशव्या घेतलेली एक म्हातारी बाई जाता जाता थांबली. लांबूनच डोळे बारीक करून तिने फोटो पाहिला, वरची मोठी अक्षरं पाहिली, आणि तिचा चेहरा खुलला.

"अगंबाई, आता इथे आणताहेत होय त्याला?" ती म्हणाली. "बरं झालं. खाली किती शोधला मी. हिवाळ्यापासून माझ्या बुटाची टाच तशीच पडून आहे."

स्पासने खाली ठेवलेला कप उचलला. त्सोन्काला क्षणभर वाटलं, हो म्हणून टाकावं. बाजारात वेल्कोला शोधणारं एक तरी माणूस निघालं होतं, आणि त्यालाच हे सांगायचं तिच्या जिवावर आलं. मग तिने आपला चष्मा काढला, कोटाच्या बाहीने पुसला आणि त्या बाईपुढे धरला.

"हा घ्या," ती म्हणाली. "जवळ येऊन वाचा. खाली वेळ लिहिलीय."