दाराबाहेरची हवा

चंद्रावरच्या खाणी बंद पडल्या. आईबापांची हाडं पृथ्वीवरचं वजन पेलणार नव्हती, म्हणून पोरं तेवढी इकडे पाठवली. त्यांच्यासाठी कराडजवळ काढलेल्या वसतिगृहात सगळं होतं: मऊ गाद्या, समुपदेशक यंत्र आणि उद्घाटनाची कोनशिला. फक्त पोरं अंगणात पाऊल टाकत नव्हती, कारण त्यांतली थोरली मृगा टाकत नव्हती. आणि आज शाळेचा पहिला दिवस होता.

मृगा पुढचं दार ठोठावायची, कान लावायची आणि मागे फिरायची.

"बाहेर प्राणवायू एकवीस टक्के आहे," यंत्रानं पुन्हा समजावलं.

"आकडा नको," मृगा म्हणाली. "आमच्याकडे पलीकडच्या माणसानं 'हवा आहे' म्हणायचं असतं. मगच दार उघडायचं. नाहीतर सगळे मरतात."

पलीकडे तर माणूसच नव्हतं! व्यवस्थापिका घोरपडेकाकूंनी पदर खोचला, मागच्या दारानं बाहेर पडल्या आणि वळसा घालून पुढच्या दाराशी उभ्या राहिल्या.

"काय काकू, पोरांनी बाहेर काढलं वाटतं?" शेजारच्या गोठ्यातून धोंडीबांनी विचारलं.

"गप बसा हो."

आतून टकटक झाली.

"हवा आहे गं!" काकू ओरडल्या.

दार उघडलं. मृगा बाहेर आली, धोंडीबांच्या शेणाच्या ढिगाकडे बघून तिनं नाक मुरडलं आणि मागे दार घट्ट ओढून घेतलं. काकू दार उघडायला पुढे झाल्या. तेवढ्यात आतून आणखी एक बारीकशी टकटक आली.

मृगानं घसा साफ केला.

"हवा आहे!" ती ओरडली. "वास मारतेय, पण आहे!"